गेटला हात लावला नाही

सुमनताई गजभिये यांचं नाव मी सगळ्यात आधी लिहितो. काय झालं ते पुढं येईलच. पण नाव मागं ठेवलं की ते मागंच राहून जातं, आणि माझ्यासारखा भित्रा माणूस ते राहू देतो. तीन वर्षं मी ते राहू दिलं आहे. ताई आमच्या कालव्याच्या उपविभागीय कार्यालयात आवक-जावक लिपिक होत्या, आणि कर्मचारी संघटनेच्या सचिवही. आता त्यांची बदली साकोलीला झाली आहे. त्यांच्यामुळं माझी नोकरी शेवटपर्यंत सलग राहिली. त्यांच्या नोकरीला मात्र चौकशी लागली.

मी ज्ञानोबा माने. मूळचा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. इकडं भंडारा जिल्ह्यात मला कुणी माने म्हणत नाही, सातारकरच म्हणतात. शाळा सातवीत सुटली. आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं यायचं. मेहुणा कालव्याच्या खोदकामावर मुकादम होता, त्याच्या मागं मी गोसीखुर्द धरणाच्या कामावर आलो. दोन वर्षं काम करायचं आणि परत जायचं, असं आईला सांगितलं होतं. इथं बघतो तर गावागावाला तलाव. वैनगंगा एवढी मोठी की पहिल्यांदा पाहिल्यावर हे एवढं पाणी राखायला कोण असतं, असा प्रश्न मला पडला. पुढं ते पाणी राखायचं काम माझ्याच वाट्याला आलं, आणि पस्तीस वर्षं मी इथंच राहिलो.

काम काय ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की गेटवरचा माणूस म्हणजे झाडाखाली बसून राहणारा. धरणातून मोठा कालवा निघतो. त्याला फाटे फुटतात, त्या वितरिका. वितरिकेतून लहान कालवे निघतात आणि ते शेतापर्यंत जातात. कोंढा गावाच्या पुढं एका वितरिकेवर माझी चौकी होती. तिथं दोन गेटं. एक गेट जवळच्या लहान कालव्याचं, त्यावर चौकीला लागून असलेली वावरं भिजायची. दुसऱ्या गेटातून पाणी पुढं शेवटच्या गावापर्यंत जायचं. जवळचं गेट जितकं उघडं, तितकं शेवटच्या गावाला कमी. सगळी भांडणं याच एका गोष्टीची.

गेटाला वर लोखंडी चाक असतं आणि चाकाखाली आट्यांचा दांडा. चाक फिरवलं की पत्रा वर किंवा खाली होतो, एका फेऱ्याला एक आटा धरायचा. चाकाला साखळी आणि कुलूप. भिंतीवर पांढऱ्या रंगावर काळ्या रेघांची पट्टी रंगवलेली असते, तिला गेज म्हणतात. सकाळी, दुपारी बारा वाजता आणि संध्याकाळी ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि ऑफिसला फोन करायचा. वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा. माझं आयुष्यभराचं सगळं लिहिणं त्या रकान्यात झालं आहे. त्यामुळं या लेखात कुठं वाक्य तुटक वाटलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझ्या जवळच्या गेटाची एक खोड होती. एकदा दांडा तुटला तेव्हा ठेकेदारानं जो नवीन बसवला त्याचे आटे उलटे निघाले. जगातलं कुठलंही चाक डावीकडं फिरवलं की उघडतं, हे डावीकडं फिरवलं की बंद व्हायचं. तेव्हाच्या साहेबांना मी तोंडी सांगितलं, ते बघू म्हणाले आणि बदलून गेले. पण त्याचा फायदाच झाला. कुलूप तोडून पाणी चोरायला येणारे लोक घाईघाईत चाक फिरवायचे आणि सकाळी बघायचे तर त्यांच्याच वावरात पाणी कमी आलेलं. एकानं तर मला येऊन विचारलं, "सातारकर, तुमी चाकावर काई करून ठेवलं का जी?" मी म्हटलं, चोरी कुणाची ते आता तुम्हीच सांगितलं. तो हसला आणि तंबाखू पुढं केली. त्या साहेबांनंतर ही खोड मी कुणाला सांगितली नव्हती. वहीतही लिहिली नव्हती.

माणसं नाना तऱ्हेची भेटली. मासे धरणाऱ्या बाया यायच्या, "दोन आटे उतरवा ना भाऊ, मासोळी दिसून नाई राहिली." एकदा एका लग्नाची वरात चौकीपाशी अडकली. लहान कालव्यावरचा पूल खचलेला, नवरदेव ट्रॅक्टरवर, बँडवाले पाण्याच्या काठावर उभे. मुहूर्त जवळ आला होता. मुलीचा बाप पलीकडून नुसता माझ्याकडं बघत राहिला. मी गेट अर्धा तास उतरवलं, वरात गुडघाभर पाण्यातून वाजतगाजत पलीकडं गेली. शेऱ्यात मी लिहिलं, 'लग्न. अर्धा तास पाणी कमी.' त्याखाली साहेबांनी लाल शाईनं लिहिलं, 'वधूवरांस शुभेच्छा. पुन्हा असे करू नये.'

आणि नाकाडे गुरुजी. निवृत्त शिक्षक, वावर माझ्या चौकीला लागूनच. पाण्याची पाळी आली की गजराचं घड्याळ आणि छत्री घेऊन गेटावर येऊन बसायचे. आपल्या वाट्याची वेळ भरली की गजर वाजायचा. मग म्हणायचे, "सातारकर, घड्याळ दोन मिनिटं पुढं हाय, हे मले मालूम हाय. तुमी अजून दोन मिनिटं थांबा." माणूस हिशेबाचा, पण लबाड नव्हता. मला अर्ज लिहायला शिकवलं ते त्यांनीच. 'सविनय सादर' हे शब्द त्यांचे.

आता माझी भीती सांगतो, कारण पुढचं सगळं त्या भीतीतून झालं.

रोजंदारीवरच्या माणसाला सलग पाच वर्षं भरली की खात्यात कायमसारखं घ्यायचे. माझी चार वर्षं आणि वर काही महिने झाले होते. तेव्हा मजुरांच्या कॅम्पात मला हिवताप झाला. एक महिना मी झोपडीत पडून होतो. हजेरीपटावर त्या महिन्याचे चौकोन रिकामे राहिले. बरा होऊन आलो तर बाबू म्हणाला, "खंड पडला, पुन्हा पहिल्यापासून." पुन्हा पाच वर्षं. मग आदेश निघायला आणखी काही वर्षं, फाईल इकडून तिकडं. शेवटी माझा आदेश आला तेव्हा जुनी पेन्शन बंद झालेली होती. तीन महिन्यांनी चुकली. माझ्यानंतर कामावर आलेल्या, पण तापानं न पडलेल्या दोघांना ती मिळाली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण तेव्हापासून मला कागदावर रिकामा चौकोन बघवत नाही. मी गेजवहीत एकही दिवस रिकामा सोडला नाही. मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा सकाळी गेज वाचूनच मांडवात गेलो. बायको त्यावरून अजून बोलते.

तर तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा राज्यभर संप झाला. मागणी जुन्या पेन्शनची. मुंबईला अधिवेशन चालू होतं, अर्थसंकल्प मांडला गेला होता, आणि टीव्हीवर रोज ऐकायला यायचं की पगार-पेन्शनातच सगळा पैसा गेला तर विकास कशातनं करायचा. आमच्या उपविभागात ऑफिससमोर मांडव पडला. संघटनेचे अध्यक्ष रुषीभाऊ डोमणे, मोजणीदार, आवाज खणखणीत. ते म्हणायचे, "तिजोरी रिकामी होते मन्तेत. ठेक्यानं नाई होत, टेंडरानं नाई होत, आमच्या म्हातारपनाच्या भाकरीनंच होते का?" टाळ्या पडायच्या. मी पण वाजवायचो, मागच्या रांगेत बसून.

ऑफिसच्या दारावर परिपत्रकं चिकटवली जात होती. काम नाही तर वेतन नाही. सेवेत खंड धरला जाईल. संघटनेची मान्यता काढून घेण्याचा विचार होईल. 'खंड' हा शब्द मी दोनदा वाचला. मी ताईंना जाऊन विचारलं, "ताई, खरंच खंड धरतील का?"

ताई म्हणाल्या, "भाऊ, कायले घाबरता? सगळ्याइले धरतीन तं सगळ्याइचा धरतीन. एकट्याचा खंड जड जाते, साऱ्याइचा नाई जात." आणि मला डब्यातली पुरणपोळी दिली. होळी नुकतीच झाली होती.

संपाच्या पहिल्या दिवशी गुरुजी मांडवात येऊन पाठिंब्याचं भाषण करून गेले. "मी जुनी पेन्शन घेतो. तिचं मोल मले मालूम हाय. मनून मंतो, या लोकाइले भेटलीच पायजे." रुषीभाऊंनी त्यांना हार घातला.

आमच्याकडं संपाची एक रीत होती. सगळ्या गेटांच्या चाव्या सचिवाकडं जमा करायच्या. प्रत्येक चावीला चिंधी बांधलेली, चिंधीवर गेटाचं नाव. ताईंकडं चाव्यांचा स्टीलचा डबा होता. ठराव असा झाला की गेटं आहेत तशीच ठेवायची. उन्हाळी धान उभं होतं. गेटं बंद केली तर लोक संघटनेवर उलटतील. चालू ठेवून राबलो तर संप कसला? म्हणून जैसे थे. हात उंचावून ठराव पास झाला. मी पण हात वर केला.

ही आमची चूक. आणि ती आमच्यासारख्यांकडूनच होऊ शकते, कारण मांडवात बसलेल्या निम्म्या लोकांचं आयुष्य पाण्यावर गेलेलं होतं. कालव्याचं पाणी जैसे थे राहत नाही. गेट तसंच ठेवलं तरी वरच्या वावरातला माणूस बांधाला भोक पाडतो, पाइप टाकतो, आणि शेवटाला थेंब पोचत नाही. राखणारा नसला की पाणी जवळच्याचं होतं. हे मला ठाऊक होतं. पण सातवी शिकलेल्यानं एवढ्या लोकांत उभं राहून काय बोलायचं, म्हणून मी बोललो नाही. त्याची खंत आहे.

चावी जमा केली तरी मी रोज चौकीवर जात होतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ गेज वाचत होतो, वहीत लिहीत होतो. ऑफिसला फोन करत नव्हतो. शेऱ्यात लिहायचो, 'संप. गेटला हात लावला नाही.' लिहिलं की जीव शांत व्हायचा आणि मग मांडवात जाऊन बसायचो. गेज लिहिणं म्हणजे काम करणं, आणि काम करणं म्हणजे संप मोडणं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला फक्त चौकोन रिकामा सोडायचा नव्हता.

चौथ्या दिवशी शेवटच्या गावच्या बाया मांडवात आल्या. हे गाव पुनर्वसनातलं. यांची जुनी शेती धरणाखाली गेली, आणि नवीन दिली ती कालव्याच्या शेवटच्या टोकाला. पुढं कौतिकाबाई नावाची म्हातारी होती. डोक्यावर घमेलं. तिनं ते मांडवाच्या सतरंजीवर, रुषीभाऊंच्या माइकपुढं ठेवलं. घमेल्यात तडकलेल्या मातीचं ढेकूळ आणि त्यात उभी असलेली धानाची पिवळी पात.

"पाहा जी," ती म्हणाली. "हे आमचं."

रुषीभाऊ म्हणाले, "मावशी, आमी पानी बंद नाई केलं. गेटं जशीच्या तशी हायेत."

"तुमी नाई केलं तं कोनं केलं? पानी तं येऊन नाई राहिलं."

"सरकारनं आमचं आयकलं तं आजच्या आज संप मिटते. तुमी आमच्यावर कायले, सरकारवर रागवा ना."

कौतिकाबाई खाली बसली. आवाज चढवला नाही. "आमचं पयलं वावर पान्याखाली गेलं. हे पान्याबिगर चाललं. तुमाले म्हातारपनाची सोय पायजे ना बाबू? आमची सोय या घमेल्यात हाय. तुमी तुमची मागा. आमी काई नाई मनत. पन आमच्या सोयीवर बसून नोका मागू."

 मग रुषीभाऊ ताईंच्या कानाशी वाकले. मी मागंच होतो म्हणून ऐकू आलं. "एक गेट हाललं तं साहेब फोटो काढतीन. उद्या पेपरात येईन, भंडाऱ्यात संप फुटला. साऱ्या राज्यात आपलं नाव जाईन."

ताई म्हणाल्या, "अन् धान गेलं तं?"

"ठराव झाला हाय ताई. तुमीच लिवला."

 रुषीभाऊंचं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. संप फुटला असता तर हजारो लोकांच्या मागणीचं नुकसान झालं असतं. दोघांचंही खरं होतं, आणि पाणी एकच होतं.

दुपारी तीनच्या सुमारास ऊन भाजत होतं आणि मांडव डुलक्या घेत होता. ताईंनी मला खुणेनं बाहेर बोलावलं. स्कूटीवर बसल्या. "सातारकरभाऊ, चाला." पर्समध्ये चिंधी बांधलेली चावी होती.

चौकीवर पोचलो. ताई म्हणाल्या, "जवळचं गेट उतरवाचं, मंजे पानी पुढं जाईन. बरोबर?"

मी म्हटलं, "बरोबर. पण ताई, मी हात लावणार नाही. मी वहीत तसं लिहितो रोज."

हे मी बोललो. त्या बाईनं स्वतःच लिहिलेला ठराव मोडायला घेतला होता, आणि मला माझ्या शेऱ्याची काळजी होती. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमी नोका लावू. तुमी तिथं उभे राहा, अन् मले सांगा."

त्यांनी पदर खोचला, चपला काढल्या, कुलूप काढलं आणि चाक धरलं. सगळे धरतात तसं उजवीकडं फिरवायला लागल्या. मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा होतो. म्हटलं, "ताई, उलटं. डावीकडं. याचे आटे उलटे आहेत."

"हे काहून असं?"

"ठेकेदारानं बसवलं."

त्या हसल्या. "सरकारी गेट हाय, सरळ कसं फिरन?" आणि डावीकडं जोर लावला. चाक जड होतं. त्यांच्या बांगड्या लोखंडावर वाजत होत्या. मी आटे मोजत होतो. एक, दोन, तीन. सहाव्या आट्याला थांबायला सांगितलं. "सगळं बंद नको ताई. गुरुजींचंही धान आहे. बारा आट्यांतले सहा ठेवा." त्यांनी सहा ठेवले. पाण्याचा आवाज बदलला. तो आवाज मला आंधळा झालो तरी ओळखू येईल. पाणी दुसऱ्या गेटाकडं वळून शेवटच्या गावाला निघालं. ताई पायरीवर बसल्या, हाताचे तळवे बघितले. लाल झाले होते.

संध्याकाळी मी गेज वाचलं. जवळच्या कालव्याचं उतरलेलं होतं. इथं मी थांबायला हवं होतं. तो एक चौकोन रिकामा सोडायला हवा होता. माझ्या हातानं तो सुटला नाही. होतं तेच लिहिलं आणि शेऱ्यात रोजच्यासारखं, 'संप. गेटला हात लावला नाही.'

सातव्या दिवशी समिती नेमायचं आश्वासन मिळालं आणि संप मिटला. शेवटच्या गावचं धान बहुतेक वाचलं. आणि आठव्या दिवशी गुरुजींचा अर्ज ऑफिसात आला. 'सविनय सादर. संपकाळात आमच्या लहान कालव्याचे गेट कुणीतरी बेकायदेशीरपणे उतरविले.' मी त्यांना रस्त्यात गाठलं. म्हटलं, गुरुजी, तुमचं धान तर हिरवंगार आहे. ते म्हणाले, "धानाचा प्रश्न नाई, सातारकर. पेन्शन येगळी अन् पानी येगळं. माझ्या पाळीतलं पानी गेलं ना? कोनं नेलं थे लिवून पायजे."

शाखा अभियंता साहेबांनी गेजवही मागवली. पान उघडून बसले. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. वरून त्यांनाही विचारणा होती. म्हणाले, "माने, तुम्ही रोज हजर होता. हे तर उत्तम आहे. शेऱ्यातलं 'संप' खोडा, 'हजर' लिहा. तुमचे सात दिवस सलग धरतो. आणि गेट संघटनेच्या लोकांनी जबरदस्तीनं उतरवलं, असं लिहून द्या. नाहीतर मग गेट तुम्हीच उतरवलं असं होतं. चौकीवर दुसरं कोण होतं?"

वही घेऊन बाहेर आलो तर रुषीभाऊ उभे. "सातारकर, संपात तुमी गेज लिवत होते? पान फाडा. थे पान रायलं तं संप मोडनारा माणूस आमच्यातच होता, असं होते."

एकाला शब्द खोडून पाहिजे होता, दुसऱ्याला पान फाडून. दोन दिवस मी दोघांनाही टाळलं. माझ्या नोकरीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. निलंबन झालं असतं तर पुन्हा खंड. बायको म्हणाली, ताईंना विचारा. मी गेलो नाही. गेलो असतो तर मला नाव सांगावं लागलं असतं किंवा लपवावं लागलं असतं, आणि दोन्हीची भीती होती.

मी गेलो नाही, पण ताई गेल्या. तिसऱ्या दिवशी आवक-जावक नोंदवहीत त्यांनी स्वतःचाच जबाब स्वतःच्या हातानं आवक केला, क्रमांक टाकला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. 'गेटाची चावी माझ्या ताब्यात होती. दुपारी तीन वाजता गेट मी एकटीने उतरविले. गेजवाचक माने हे त्या वेळी तेथे नव्हते. संघटनेच्या ठरावाशी याचा संबंध नाही.' गेज मी बाराला आणि पाचला लिहिलं होतं, त्यामुळं जबाब जुळला. माझं पान ना खोडावं लागलं, ना फाडावं लागलं.

रुषीभाऊंनी बैठक बोलावली आणि ताईंना सचिवपदावरून काढलं. ठराव वाचताना त्यांचा खणखणीत आवाज खाली आला होता. ताईंनी चाव्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मोजून घ्या, एकबी कमी नाई." खात्यानं त्यांच्यावर चौकशी बसवली, वेतनवाढ थांबवली आणि साकोलीला पाठवलं. त्या दिवशी बसस्टँडवर मी त्यांची पिशवी धरली. म्हटलं, "ताई, माझ्यामुळं झालं. मी ते लिहायला नको होतं." त्या म्हणाल्या, "खोटं लिवलं असतं तं मंग तुमी सातारकर कशाचे? सांभाळून राहा भाऊ. रिटायर होईपर्यंत बोलू नोका."

संपाचे दिवस पुढं सगळ्यांचे रजेत धरले गेले. खंड कुणाचाच पडला नाही, ताई म्हणाल्या होत्या तसंच. मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. नारळ मिळाला, शाल मिळाली, गुरुजींनी भाषण केलं. त्यात त्यांनी सांगितलं की तीस वर्षांत सातारकरांच्या वहीत एक चौकोन रिकामा नाही. मी खाली बघत होतो.

ताईंची चौकशी मात्र अजून संपलेली नाही. मध्यंतरी साकोलीला जाऊन त्यांना भेटलो तेव्हा कारण कळलं. चौकशी अधिकारी गेट बघायला चौकीवर आले होते. त्यांनी स्वतः चाक फिरवून बघितलं, आणि ते उलटं निघालं. तेव्हापासून ताईंना प्रत्येक तारखेला एकच प्रश्न विचारतात. या गेटाचे आटे उलटे आहेत हे कुठल्याही कागदावर नाही. आपण लिपिक. पहिल्याच वेळी गेट बरोबर कसं उतरवलं? आपल्याबरोबर कोण होतं? ताई दर वेळी सांगतात, अंदाजानं. त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. संघटनेचा कट होता आणि त्या नाव दडवत आहेत, असं फाईलवर लिहिलेलं आहे.

मला हे सांगताना त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "तुमी कायले आले भाऊ एवढ्या उन्हात?" 

माझं उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, अजून मंजूर व्हायचं आहे. हे छापून आल्यावर ते अडेल का, ही भीती मला आहे. लिहिताना दोनदा कागद बाजूला ठेवला. गावाकडून भावाचा फोन येतो, आता निवृत्त झालास, माणला कधी येतोस? घर झाडून ठेवलंय. त्याला मी सांगतो, एक तारीख लागायची आहे, ती झाली की येतो.

ताई, चौकशीची पुढची तारीख कळली की मला निरोप द्या. नाही दिलात तरी मी साकोलीच्या ऑफिसात विचारून काढीन. पहिल्या बसनं येईन. तुमच्या जबाबात जे एक वाक्य कमी आहे ते मी माझ्या हातानं लिहून, खाली सही करून देईन. ते मी पाठ केलं आहे: सविनय सादर, दुपारी तीन वाजता मी गेटावर हजर होतो. चाक गजभिये मॅडमनी फिरवलं, आटे मी मोजले. तुम्ही मला जे दिलं त्याची फेड एवढ्यानं होणार नाही, हे मला कळतं. पण सुरुवात तिथून करीन.